काकाजींचं भेव

खोली बघायला गेले तेव्हा काकाजींनी मला खोली दाखवलीच नाही. त्या खोलीत जिवाला कशाकशापासून धोका आहे, ते दाखवलं.

हातातल्या वेताच्या काठीनं त्यांनी आधी छपराचं एक लाकूड दाखवलं. "ह्याच्याखाली खाट टाकायची नाई. आतून पोखरलं आहे." मग कोपऱ्यातली फट. "इथून इच्चू निघते." मग खिडकी. "इथून वानर हात घालते. चष्मा, कंगवा, काहीच ठेवायचं नाई." एवढं झाल्यावर काठी हनुवटीला लावून ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "अजून काय होऊ शकते?"

मी वर्ध्याची. घरच्यांना कशीबशी राजी करून गोंडपिपरीच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते. चांद्याहून निघालेली सर्व्हिस मोटार बल्लारशा सोडून कोठारीच्या जंगलात शिरली, तेव्हाच माझी अर्धी हिंमत गळाली होती. उरलेली काकाजींनी त्या सकाळी संपवली. मला वाटलं, एकटी बाई बघून हा माणूस मला घालवून द्यायला बघतोय. पण तसं काही नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, काकूंनी, खोली सारवून दिली आणि काकाजींनी स्वतः येऊन विंचवाची फट चुन्यानं बुजवली. बुजवल्यावर म्हणाले, "आता तो दुसरीकडून निघंल. कुठून निघंल, ते पाहा लागते."

ते पूर्वी जंगलाचे ठेके घ्यायचे. तेंदूची पानं, बांबू, सागवान. जंगलात अर्धं आयुष्य काढलेला माणूस इतका भित्रा कसा, याचं गावाला मोठं कोडं होतं. गावात त्यांचं नाव 'भेवाजी' पडलं होतं. भेव म्हणजे भीती. शाळेतल्या मुली आपसात बोलताना हेच नाव घ्यायच्या आणि माझ्यासमोर जीभ चावायच्या. काकाजींना मूलबाळ नव्हतं. मोठं घर, मागं विहीर, धानाची पोती ठेवायची एक लांबलचक कोठी, आणि त्या कोठीच्या टोकाला ताडपत्रीखाली झाकलेली मोटार.

जेवायला बसले की ते भरल्या वांग्याचा देठ धरून वांगं आधी पूर्ण उलगडून बघायचे. दाराकडे पाठ करून कधी बसायचे नाहीत. मोहाच्या झाडाखालून जायची वेळ आली तर वर बघत बघत जायचे, आणि खाली बघायला काकूंना सांगायचे. थंडीत वडशाकडची नाटक मंडळी गावात यायची. सगळं गाव घोंगड्या पांघरून मांडवात बसायचं. काकाजी मात्र माकडटोपी घालून बाहेर जायच्या वाटेशी बसायचे आणि नाटक सोडून, गॅसबत्ती ज्या दोरीला टांगली होती त्या दोरीकडे बघायचे. एकदा ऐन रंगात आलेल्या प्रवेशात ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, दोरी जळून राह्यली." लोक ओरडले, शिट्ट्या झाल्या, राजाचं काम करणारा नट भाषण विसरला. शेवटी बत्ती उतरवून पाहिली. दोरीला काहीही झालं नव्हतं.

हे सांगितलंच पाहिजे की काकाजींना ज्याची भीती वाटायची ते बहुतेक वेळा घडायचंच नाही. ते लाकूड माझ्या डोक्यावर कधी पडलं नाही. वानरानं चष्मा नेला तो खिडकीतून नाही, उघड्या दारातून. मी एकदा हसत विचारलं, "काकाजी, तुम्ही इतकं भिता कशाला?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "दिसते त्याले मी भीत नाई, बाई. जे दिसत नाई, त्याचं काय करायचं ते मले समजत नाई."

त्यांची ती मोटार विलायती होती, युद्धाच्या आधीची. बल्लारशाचा कुणी गोरा साहेब देश सोडून जाताना विकून गेलेला. रंग शेवाळासारखा, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. काकाजींशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. काकाजींना दमा होता आणि थंडी पडली की तो उसळायचा. म्हणून दिवाळीच्या पाडव्याला मोटार लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, रेडिएटरमधलं पाणी काढून टाकायचं, बॅटरी सोडवून घरात देवघराच्या बाजूला फळीवर ठेवायची आणि ताडपत्री टाकायची. ती ताडपत्री महाशिवरात्र झाल्यावर निघायची. सगळा हिवाळा काकाजी घोंगडी पांघरून ओसरीवर, आणि मोटार ताडपत्री पांघरून कोठीत.

मोटार बाहेर काढायचा दिवस गावाला तमाशासारखा असायचा. माझ्या पहिल्या वर्षी मीही बघायला उभी राहिले. काकाजींनी पोतं अंथरलं, आडवे झाले आणि मोटारीखाली पाहिलं. मग लांब बांबूनं सगळीकडे ठोकलं. मग धुपाटणं घेऊन आत धूर केला आणि लांब जाऊन उभे राहिले. शेजारच्या पोत्यांतल्या धानाला उंदीर यायचे, थंडीत ते गादीच्या कापसात घर करायचे. काकाजी म्हणायचे, "उंदीर आला म्हंजे त्याच्या मागं कोन येते?" उत्तर सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी बॉनेट उघडलं आणि इंजिनावर सापाची कात निघाली. चांगली हातभर लांब, डोळ्यांच्या खवल्यांसकट.

लोकांनी कात काठीवर घेऊन मिरवली. काकाजी मात्र पांढरे पडले. "कात इथी आहे. साप कुठी गेला?" त्यांनी गादी उसवली, पायाखालच्या फळ्या काढल्या, दाराचे पत्रे उघडले. साप मिळाला नाही. ती मोटार मग होळीपर्यंत अंगणात दारं उघडी ठेवून उभी होती आणि काकाजी रोज सकाळी येऊन तिच्याकडे दुरून बघायचे. पुढं ते चालवायला लागले, पण तो साप आत नाही असं ते कधी म्हणाले नाहीत. मीही त्या मोटारीत बसायची वेळ येऊ नये अशी प्रार्थना करत राहिले.

ती वेळ दुसऱ्या हिवाळ्यात आली.

त्या थंडीत कोठारीच्या रस्त्यावर वाघ माणसं नेत होता. आधी सरपणाला गेलेली एक बाई गेली, मग टपालाची थैली नेणारा माणूस. थैली रस्त्यावर सापडली, माणूस नाही. बैलबंड्या एकट्यादुकट्या निघेनाशा झाल्या. सर्व्हिस मोटार बिघडून चांद्याला पडली होती. गाव जणू डबीत बंद झालं होतं.

माघातली सकाळ होती. मी वर्गातल्या मुलींना उन्हात अंगणात बसवलं होतं. कुंपणातून एक कोल्हा आला. दिवसाढवळ्या, माणसांना न घाबरता, मान वाकडी करून चालत आला. तोंडातून लाळ गळत होती. मी मुलींना आत ढकललं आणि दार ओढलं. दार पूर्ण लागायच्या आत त्यानं माझं डावं मनगट धरलं. दुखलं किती ते आठवत नाही. त्याचे दात गरम होते, एवढं आठवतं.

लोकांनी त्याला लाठ्यांनी मारलं. तो आदल्या दिवशी एका कालवडीला आणि दोन कुत्र्यांना चावला होता, असं मग समजलं. पिसाळलेलाच होता, यात कुणालाच शंका नव्हती.

मला घरी आणलं तेव्हा अंगणात गर्दी झाली. कुणी म्हणालं तिखट भरा, कुणी चुना. हेडमास्तर म्हणाले, "पलीकडच्या गावात एक वैदू आहे, उतारा देतो." काकाजी ओसरीवरून उतरले. छातीतून शिट्टी वाजत होती. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, मला विहिरीजवळच्या दगडावर बसवलं, काकूंना पाणी ओतायला सांगितलं आणि कार्बोलिक साबणाची वडी घेऊन माझी जखम धुवायला लागले. एकदा, पुन्हा, पुन्हा. दातांच्या भोकांत साबण जाईल असं दाबून. मी ओरडत होते. ते मान खाली घालून धूत होते. "चांद्याले जा लागते," ते म्हणाले. "सरकारी दवाखान्यात सुया देतेत पोटात. दुसरं औषध नाई."

बंडीवाल्यांना विचारलं. एकही तयार होईना. बंडीला जंगलात मुक्काम पडणार होता आणि मुक्काम करायची कुणाची छाती नव्हती. मग सगळ्यांचं लक्ष कोठीकडे गेलं. काकूच बोलल्या. "काढा ना जी मोटार."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग कोठीकडे. "काढतो," ते म्हणाले. "पन पाह्यल्याशिवाय नाई नेत."

तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले, हाताला फडकं बांधलेलं, आणि समोर काकाजी मोटार तपासत होते. त्यांनी एकही गोष्ट सोडली नाही. पोतं अंथरलं. खाली पाहिलं. बांबूनं ठोकलं. धूर केला, धूर निवेपर्यंत थांबले. माझ्या शेजारी काकूंनी पाण्याचा तांब्या ठेवला होता. पिसाळलेलं जनावर चावलं की माणूस पाण्याला घाबरतो, एवढं मला माहीत होतं. म्हणून मी दर थोड्या वेळानं एक घोट घ्यायची. गिळता आला की पुढच्या घोटापर्यंत जिवंत. काकू ते बघत होत्या. तांब्या रिकामा झाला की भरून आणत होत्या.

रेडिएटरमध्ये पाणी भरलं तर खालून धार लागली. उंदरांनी रबराची नळी कुरतडली होती. काकाजींनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली, गुंडाळली, तारेनं आवळली. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा ठिबकलं, पुन्हा सोडली. इंजिनाचा धूर जायच्या नळीचं तोंड कुंभारीण माशीनं मातीनं लिंपून टाकलं होतं, ते त्यांनी तारेनं पोखरून काढलं आणि नळीला डोळा लावून आत पाहिलं. टायरांत हवा भरायला बसले तेव्हा दर चार दाबांनंतर थांबून धाप टाकत होते. हेडमास्तर पुढं झाले, "आना, मी मारतो पंप." काकाजींनी मान हलवली. कुणालाही हात लावू दिला नाही.

ऊन कलायला लागलं. मग त्यांनी टाकीतलं पेट्रोल काढलं आणि धोतराच्या फडक्यातून काचेच्या बरणीत गाळायला बसले. बरणी उजेडात धरून बघायची, तळाला पाण्याचा थेंब दिसला की पुन्हा गाळायचं. मला तेव्हा राहवलं नाही. मी उठून अंगणात गेले आणि ओरडले, "काकाजी, तुमचं होईपर्यंत मी मरेन! तुम्हाला न्यायचं नसेल तर तसं सांगा!"

काकाजींनी बरणी खाली ठेवली. चेहरा घामानं भिजलेला, ओठ निळसर. "बाई," ते म्हणाले, "इख चढलं आहे ते हळू चालते. आज संध्याकाळी काही होत नाई, उद्या बी होत नाई. पन ही कोठारीच्या जंगलात बंद पडली, तं तिथलं काम लवकर होते. थोडा धीर धरा."

"विषच ना? चढू दे मग!" मी म्हटलं आणि रडायला लागले. काकू मला धरून आत घेऊन गेल्या.

अंधार पडल्यावर निघायला त्यांनी साफ नकार दिला. मी रात्रभर घोट घोट पाणी पीत बसले. उजाडलं, आणि बाहेर येऊन बघते तर काकाजी पोतं अंथरून पुन्हा मोटारीखाली शिरत होते.

"काल पाहिलं ना सगळं?" मी म्हटलं.

"रातभर उभी होती ना ती," आतून आवाज आला.

ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही निघालो. काकाजी चालवायला, काकू त्यांच्या शेजारी, मी मागं एकटी. पाय मी गादीवर वर घेऊन बसले होते. तो साप अजून आत असेल, हा विचार त्या दिवशीही सुटला नव्हता. आता हसू येतं. तेव्हा मला कोल्ह्याची भीती होती, सापाची होती, वाघाची होती, आणि ब्रेक लागतो का हे बघायला काकाजी जे दर मैलाला थांबत होते त्याचीही होती. गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंनी बांबू रस्त्यावर वाकलेला. काकाजी हळू चालवत होते, चाकाला दोन्ही हातांनी धरून, जणू ते चाकच त्यांना वाचवणार होतं.

कोठारी गेलं. पुढच्या जंगलाच्या ऐन मध्यावर मोटार खोकली. पुन्हा खोकली. मग थोडी घरंगळली आणि थांबली.

इंजिन बंद झाल्यावर जंगल केवढं मोठं आहे ते कळलं. कुठंतरी लांब एक वानर खेकसलं. वाघ दिसला की ते तसंच ओरडतं, हे गोंडपिपरीत शाळेतली पोरगीही सांगते. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ह्या माणसाचे हातपाय गळणार. सगळं तपासूनही बंद पडली होती.

काकाजी दार उघडून खाली उतरले. बॉनेट उघडलं, वाकले, थोड्या वेळानं म्हणाले, "पेट्रोल येऊन नाई राह्यलं. टाकीच्या बुडचा जंग नळीत अडकला." ते इतकं साधेपणानं बोलले की मी दचकले. काकू उतरल्या. त्यांनी पेट्रोलचा रिकामा डबा घेतला, लोखंडी पाना घेतला, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून डबा बडवायला लागल्या. एवढीशी बाई. डोक्यावरचा पदर खाली पडला तरी त्या थांबल्या नाहीत.

काकाजींनी नळी सोडवली आणि तोंड लावून फुंकली. पहिल्या फुंकरीलाच खोकल्याची उबळ आली. ते मडगार्ड धरून खाली बसले. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. पुन्हा उठले, पुन्हा फुंकायचा प्रयत्न केला, आणि गुडघ्यांवर आले. वानर आता जवळून खेकसत होतं. मग एकदम गप्प झालं. ते गप्प होणं जास्त वाईट होतं.

"बाई," काकाजी कसेबसे म्हणाले, "तुमी फुका."

मी खाली उतरले, पण नळी हातात घेईना. "काकाजी, माझं तोंड... माझी लाळ लागेल. तुम्ही पुन्हा तोंड लावाल तर..." आदल्या दिवसापासून मी माझं भांडंही कुणाला शिवू दिलं नव्हतं.

त्यांनी मान वर केली आणि दोन्ही हात माझ्यासमोर पसरले. थंडीनं त्यांच्या हातांना भेगा पडायच्या, दरवर्षीच. त्या वर्षी जास्त होत्या. बोटांच्या पेरांवर चिरा, काहींतून रक्त आलेलं. ह्याच हातांनी त्यांनी माझी जखम धुतली होती, तितका वेळ, दाबून दाबून.

"माह्यात गेलं असन ते कालच," ते म्हणाले. "मले बी सुया घ्याच्या आहेत. फुका तुमी."

म्हणजे आदला सगळा दिवस, बरणीतून पेट्रोल गाळताना, माझं ओरडणं ऐकताना, हा माणूस ते जाणून होता. आणि तरी त्यानं एकही पायरी गाळली नव्हती.

मी नळी तोंडाला लावली आणि जीव खाऊन फुंकली. आधी काहीच नाही. मग गंजाचा तांबडा कचरा भसकन बाहेर आला. काकाजींनी नळी माझ्या हातातून घेतली, तशीच तोंडाला लावली, पेट्रोल वर ओढलं, थुंकलं, नळी जोडली. हँडल मारायची ताकद त्यांच्यात नव्हती. काकूंनी डबा माझ्याकडे दिला, लुगड्याचा ओचा खोवला आणि हँडल फिरवलं. मी डबा बडवत होते. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, मोटार सुरू झाली.

वाघ आम्हाला दिसला नाही. होता की नव्हता ते मी सांगू शकत नाही. बल्लारशाच्या कारखान्याची चिमणी दिसली तेव्हा काकू पहिल्यांदा रडल्या, आवाज न करता, खिडकीकडे तोंड करून.

चांद्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. काकाजींचे हात त्यानं उलटसुलट करून पाहिले, जखम कोणी धुतली विचारलं, आणि मग दोघांचीही नावं लिहून घेतली. काकूंच्या भावाकडे आम्ही राहिलो. रोज सकाळी मी आणि काकाजी दवाखान्याच्या बाकावर शेजारी शेजारी बसायचो. पोटात रोज एक सुई, दोन आठवडे. पोट सुजून दगड व्हायचं. काकाजी आत जायच्या आधी सुई उकळली का, कोणत्या पाण्यात उकळली, किती उकळली, सगळं विचारायचे. कंपाउंडर त्यांना बघितलं की डोळे मिटायचा.

सुया संपल्यावर डॉक्टरनं सांगितलं, "आता बहुतेक काही होणार नाही." काकाजींनी ते 'बहुतेक' पकडलं. डॉक्टरला दारापर्यंत गाठून विचारलं. तो प्रामाणिक होता. क्वचित महिन्यांनीही उठतं, कधी वर्षांनीही, म्हणाला.

त्यानंतरचं वर्ष आम्ही दोघांनी एका घरात कसं काढलं, ते तिसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. मी सकाळी दार उघडायची, काकाजी ओसरीवर दात घासत असायचे. ते माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. एवढंच. मग मी शाळेच्या तयारीला लागायची. घसा दुखला तर मी त्यांना सांगायची नाही, त्यांना ताप आला तर काकूंनी माझ्यापासून लपवायचा, असा अलिखित नियम झाला होता. मनगटाच्या खुणेला खाज सुटली की मी घोटभर पाणी पिऊन बघायची. भीती म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं, आणि काकाजींना कुणी भेवाजी म्हटलं की मी तिथून उठून जाऊ लागले.

पुढं माझी बदली वरोऱ्याला झाली. लग्न झालं. दोन-तीन वर्षं गेली असतील. एका हिवाळ्यात काकूंचा निरोप आला, सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर. काकाजी फार आजारी आहेत, एकदा येऊन जा.

मी गेले. काकाजी आतल्या खोलीत उशांना टेकून बसले होते. आडवं होता येत नव्हतं. माणूस अगदी वाळून गेला होता. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गावचा डॉक्टर दमा म्हन्ते. पन ह्याहीले घास उतरून नाई राह्यला कालपासून. घसा आवळते म्हन्तेत. कोनाशी बोलत नाईत. भेले आहेत बाई, लय भेले आहेत. फक्त तुमचं नाव घेतेत."

मी त्यांच्या खाटेजवळ बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते मी ओळखलं. ते दुसऱ्या कुणी ओळखलं नसतं. मी पदर मागं सारून माझं मनगट त्यांच्या समोर धरलं.

"काकाजी, एकच कोल्हा होता," मी म्हटलं. "दात मला लागले होते, तुम्हाला नाही. मी बघा. मी जेवते, पाणी पिते, झोपते. मला काही झालेलं नाही. मग तुम्हाला कसं होईल?"

त्यांनी माझं मनगट धरलं. खुणेवरून अंगठा फिरवला, नीट, सगळीकडून, जसे ते कुठलीही गोष्ट बघायचे. श्वासाची शिट्टी चालूच होती.

"म्हंजे हा दमाच आहे?"

"दमाच, काकाजी."

"दुसरं काही नाई?"

"दुसरं काहीही नाही."

त्यांनी माझा हात सोडला आणि डोकं उशीला टेकवलं. चेहऱ्यावरचा ताण उतरताना मला दिसला.

"मंग ठीक आहे," ते म्हणाले. "याले मी वळखतो."